रे रोडचे उच्चारे

आमच्या घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. दारावरच्या पाटीवर आडनाव वेगळं आहे, पण तिन्ही मजले त्यांना ‘उच्चारे’ म्हणतात. उभा जन्म त्यांनी गोदीतल्या एका कचेरीत मालाच्या याद्या लिहिल्या. हाताला काम आणि जिभेला सक्तीची रजा. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्यांनी फंडाच्या पैशातून गावची घरं बांधली. उच्चाऱ्यांनी एक जाडजूड डिक्शनरी घेतली. तेव्हापासून चाळीत कोणाला धड चुकीचं बोलता येत नाही.

माणूस वाईट नाही. अडीनडीला पहिला धावतो. फक्त तो समोरच्याचं म्हणणं ऐकत नाही, शब्द ऐकतो. तुम्ही म्हणालात, ‘काका, लिप बंद पडली, आईला जिन्याने न्यावं लागलं,’ तर आई कशी आहे हा प्रश्न नंतर येतो. आधी ‘लिफ्ट. फ आणि ट. दोन्ही म्हण.’

आता घोडपदेवात हे काम म्हणजे समुद्र गाळण्यासारखं. गिरणीच्या आणि गोदीच्या कामाला कोकणातून माणसं आली, घाटावरून आली, आणि प्रत्येकाने ट्रंकेत कपड्यांबरोबर आपापली जीभही आणली. तळमजल्यावरचे जुन्नरकडचे दादा आयुष्यभर ‘टेसन’ला गेले. उच्चाऱ्यांनी त्यांना ‘स्टेशन’ म्हणायला लावलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘आवं, टेसन म्हना नायतर इस्टेशन, हार्बरची गाडी टायमावर येती का ते बघा.’ शेजारची मालवणी काकी त्याहून तिखट. तिच्या ‘डागतरा’चा ‘डॉक्टर’ करायला गेले, तर काकीने हातातला पोळपाट खाली ठेवला आणि म्हणाली, ‘काय रे मेल्या, डागतराक समाजला ना माझा पोट दुकता ता? मग तुका कित्याक दुकता?’

घरात तर सून जळगावची. तिकडे ‘ळ’चा ‘य’ करायची रीत. केळ्याचं ‘केयं’, शाळेची ‘शाया’. उच्चाऱ्यांनी तिला पहिल्याच महिन्यात समोर बसवून ‘जळगाव’ म्हणायला लावलं. पोरगी गुणी, तिने जीभ टाळूला लावून ‘जळगाव’ म्हणून दाखवलं आणि पुढे सांगितलं, ‘बाबा, इथं मी जळगावच म्हणेन. पण माहेरी जाईन ती जयगावलाच.’ यावर डिक्शनरीत काही सापडलं नाही.

गाडीत बसले की त्यांना ऐकवत नाही. घोषणा करणारी एकच बाई मराठीत ‘भायखळा, परळ’ म्हणते आणि दुसऱ्या क्षणाला हिंदीत ‘भायखला, परेल’. मराठीत ‘वांद्रे’, हिंदीत ‘बांद्रा’. आपलं ‘शीव’ म्हणजे गावाची हद्द. तिचं सायन होऊन बसलंय. प्रत्येक स्टेशनाला उच्चारे कण्हतात आणि समोरचा प्रवासी त्यांना बसायला जागा देतो.

मी एकदा त्यांना विचारलं, की इंग्रजाने माझगाव, शिवडी, भायखळा यांचं जे काही केलं ते तुम्हाला चालतं, मग आपल्या माणसांवरच राग का? ते म्हणाले, ‘ते स्पेलिंग आहे.’ म्हणजे साहेबाने आपल्या नावाचं वाटोळं केलं तर ते स्पेलिंग, आणि आपण साहेबाच्या नावाचं केलं तर तो अपभ्रंश! पालव्याचं ‘अपोलो’ बंदर होतं, तेव्हा ग्रीक देव धावून येतो. आमच्या एल्फिन्स्टनचा ‘एलफिस्टन’ झाला तर अडाणीपणा. बरं झालं, २०१८ साली त्या स्टेशनाचं प्रभादेवी झालं आणि दोन्ही बाजूंची सुटका झाली.

सँडहर्स्ट रोडला आमच्याकडे काय म्हणतात, ते इथे लिहीत नाही. चाळीत सकाळी ज्याच्यासाठी डबा घेऊन रांग लागायची, त्याच्याशी नाव जुळतं एवढं सांगतो. पण त्या साहेबाचा इतिहास बघा. १८९५ ते १९०० तो मुंबईचा गव्हर्नर, मधे प्लेग आला, आणि शहराची घाण काढायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाली ती त्याच्याच कारकिर्दीत. बीआयटी चाळी तिच्याच. म्हणजे लोकांनी नाव अगदीच गैर ठेवलं असं नाही.

राणीच्या बागेत २०१७ साली पेंग्विन बघायला उघडले, तेव्हा उच्चारे चाळीतल्या पोरांना घेऊन गेले. रांगेत एक आजी नातवाला सांगत होत्या, ‘पेंगवीन म्हनत्यात त्याला. उभ्या उभ्या पेंगतो ना, म्हनून.’ उच्चाऱ्यांनी वळून शास्त्रशुद्ध उच्चार सांगितला. आजींनी काचेकडे बोट दाखवलं. आतला पक्षी खरोखरच उभ्या उभ्या पेंगत होता.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण त्यांच्या बाजूचा. घोडपदेव हे नाव देवळातल्या देवावरून आलं. इंग्रजी पाटीवर त्याच्या शेवटी डी-ई-ओ लिहितात. त्यामुळे पार्सलवाल्या पोरांचे फोन येतात, ‘सर, ये घोडाप-डिओ में किधर आना है?’ एखादी नवीन स्कूटर आहे का काखेत मारायचा फवारा, देव जाणे. जुन्या कागदांवर तर ‘ड’ऐवजी ‘र’ आहे, तो तसाच वाचला तर आमच्या देवाची घोरपड होते. अशा वेळी उच्चारे त्या पोराला फोनवर ‘दे-व, दे-व’ असं घोकायला लावतात. पार्सल उशिरा येतं, पण शुद्ध येतं.

पण खरी कथा रे रोडची. आमचं स्टेशन. चाळीतली नवी सून पहिल्यांदा ऐकते तेव्हा तिला वाटतं, कोणीतरी रस्त्याला एकेरीत हाक मारतंय. गोदीवाले, माथाडी, सगळे पिढ्यान् पिढ्या ‘रे रोड’ म्हणत आले. उच्चाऱ्यांनी पाटीवरची इंग्रजी अक्षरं मोजली, आर-ई-ए-वाय, आणि जाहीर केलं की चार अक्षरांचा असा एका मात्रेत निकाल लागू शकत नाही. हे ‘रिये’ आहे. लॉर्ड रिये! दहा वर्षं त्यांनी चाळीतल्या पोरांकडून ‘रिये रोड’ घोकून घेतलं. पोरं मोठी झाली, कॉलेजात गेली, नोकऱ्यांना लागली, आणि ‘रिये’ पसरत गेलं.

गेल्या दिवाळीत त्यांचा भाचा परदेशातून आला. स्कॉटलंड फिरून आलेला. बोलता बोलता म्हणाला, ‘मामा, तुमच्या लॉर्डचं मूळ तिथलं. तो स्वतः जन्मला हॉलंडात, हेगला. १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर. पण स्कॉटलंडात त्या नावाचा उच्चार नुसता रे करतात. आपल्यासारखाच.’

उच्चाऱ्यांचा चकलीचा हात तोंडाशी थांबला. १९१० साली हार्बरची गाडी सुरू झाली ती कुर्ल्याहून रे रोडपर्यंत. तेव्हा तिथे हमाली करणाऱ्या, सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या माणसाने साहेबाचं नाव साहेबासारखं उच्चारलं होतं. कारण त्याने ते वाचलं नव्हतं, ऐकलं होतं.

आठवडाभर दुसऱ्या मजल्यावर शांतता होती. जुन्नरच्या दादांनी ‘टेसन’ला जाऊन येतो असं मुद्दाम दारात उभं राहून सांगितलं, तरी आतून आवाज नाही. काकी काळजीने पेज घेऊन गेली.

मग एका संध्याकाळी वडाळ्याच्या तिकिटाच्या खिडकीपाशी मला ते दिसले. मी मागे तिसरा. त्यांनी पाचाचं नाणं सरकवलं आणि अगदी हळू, पहिल्यांदाच, ‘रे रोड’ म्हणाले.

आतला पोरगा आमच्याच चाळीत वाढलेला. हसून म्हणाला, ‘काका, रिये. तुम्हीच तर शिकवलंत.’

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. तिकीट घेतलं आणि जिन्याकडे निघाले. मागच्या बाईने विचारलं, ‘कुठलं काढलंत हो, काका?’

‘घरचं,’ उच्चारे म्हणाले.