फॉल्ट तुझ्या बाजूला आहे

मे महिन्यात मुंबई-पुण्याची नातवंडं रत्नागिरीत उतरली, की आमच्या आळीतले नाना पुन्हा नोकरीवर रुजू होतात. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पावसात आडवा झालेला माड आणि त्याखाली तुटलेली तार, यांतच उमेदीची सगळी वर्षं गेली. आता तारा गेल्या, खांबही गेले. नानांच्या खिशातली पक्कड तेवढी निवृत्त व्हायला तयार नाही.

"या रे, फोन करू," अशी हाक आली की मुलं आपापले मोबाइल घेऊन धावतात. नाना ते काढून घेऊन फळीवर ठेवतात आणि स्वयंपाकघरात शिरतात. दोन काडेपेट्या उचलायच्या, काड्या वाटीत ओतायच्या, आतले खण घ्यायचे आणि काकूंच्या हातात वरची रिकामी टोपणं ठेवायची. वर, "घासायची बाजू तुलाच ठेवलीय ना?" कागदी पेल्यांचा फोन याहून खणखणीत होतो, हे त्यांना ठाऊक आहे. पण पेले विकत आणावे लागतात, आणि विकतचा फोन काय, कुणीही घेतो!

"तुमचा तुम्ही करा," म्हणतात, पण दाभण काही हातचं सोडत नाहीत. "थांब मेल्या, आधी बघ नुसतं." मग खणाच्या बरोब्बर मध्यावर भोक. त्यातून दोरा आत घेऊन अर्ध्या काडीला गाठ, म्हणजे कितीही ओढला तरी निसटत नाही. दोरा म्हणजे मिरकरवाड्यातून आणलेलं तंगूस. "मासा सुटत नाही यातून, आवाज कसा सुटेल?" हे शास्त्र कुठल्या पुस्तकात बसेल देव जाणे, तंगूस मात्र चालतं.

लाइन पडवीपासून विहिरीपर्यंत. ती कुठेही टेकता कामा नये, म्हणून जास्वंदीची फांदी छाटली जाते आणि उन्हात घातलेली आंबापोळीची ताटं काकूंना उचलावी लागतात. यात मात्र नाना शंभर टक्के बरोबर असतात. बोलल्यावर खणाचा तळ थरथरतो, ती थरथर ताणलेल्या दोऱ्यातून पलीकडच्या तळाला पोचते. मध्ये पान जरी टेकलं, तरी ती तिथेच जिरते.

मग चाचणी. "हॅलोऽऽ! येतंय काऽऽ?"

"येतंय!"

"फोनवरून की असंच?"

"दोन्हीकडून!"

मुलगा खरं तेच सांगतो. नानांचा 'हॅलो' ट्रंककॉलच्या जमान्यात घडलेला. भाट्याच्या पुलापर्यंत जात असेल. हळू बोला म्हटलं की ते हळू ओरडतात.

आणि विहिरीकडून "नाही येत" आलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य: "फॉल्ट तुझ्या बाजूला आहे." हे वाक्य ते आळणी आमटीला, अडकलेल्या व्हिडिओकॉलला आणि जावयालाही लावतात. गेल्या वर्षी अख्खी लाइन तपासून झाली, तेव्हा नातीनं नानांचा अंगठा खणाच्या तळावर दाबलेला दाखवला. अंगठा उचलून नाना म्हणाले, "झाली बघ दुरुस्त." कुठल्या बाजूची, ते काही बोलले नाहीत.

त्याच नातीनं मोबाइलवर शोधून सांगितलं, की ताणलेल्या तारेतून आवाज लांबवर नेल्याचं रॉबर्ट हूकनं १६६५ सालीच छापून ठेवलंय. बेलच्या १८७६च्या पेटंटआधी दोनशे अकरा वर्षं. नानांनी ते नीट ऐकून घेतलं. "असेल. पण आमच्याकडच्या पावसात टिकली असती का त्याची लाइन?"

गंमत अशी, की लाइन लागली की नानांकडे बोलायला काही नसतं. "जेवलास का?" विचारतात, आणि तो पोर तासाभरापूर्वी त्यांच्याच शेजारी जेवून उठलेला असतो. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेला माणूस; 'हॅलो'च्या पुढे जायची सवयच नाही. मग खण मुलांच्या हाती देतात आणि चार पावलं लांब जाऊन बसतात. मुलं आइस्क्रीमचे कट शिजवतात. कान द्यायचा नाही, हा खात्याचा नियम. तीन मिनिटं मात्र घड्याळ लावून मोजतात, आणि दोन बोटांत दोरा चिमटून लाइन कापतात. "कॉल संपला. पुढच्याला द्या."

तेव्हा मे महिन्यात आमच्या आळीत आलात आणि अंगणातून दोरा गेलेला दिसला, तर निमूट वाकून खालून जा. चुकून हात लागलाच, तर वाद घालू नका. फॉल्ट तुमच्याच बाजूला निघणार आहे.