कलमवाले तात्या

पोलीस ठाण्यासमोरच्या टपरीवर, ठाण्याच्या पायऱ्या नीट दिसतील अशा बेतानं तात्या बसतात. वकिलीची सनद नाही, कॉलेजही मधेच सुटलेलं. पण तालुक्यातल्या कुठल्याही भांडणाला पहिलं कलम लागतं ते इथं, बाकड्यावर. फौजदारांचा नंबर नंतर.

कुणी रडकुंडीला येऊन सांगू लागलं की तात्या भांडण ऐकत नाहीत, कलमं निवडतात. "शिवी घरात दिली का चारचौघांत? हातात काठी होती का नुसता हात? मारीन म्हणाला, का मारलं?" उत्तरागणिक एक बोट दुमडतं. माणूस घरून अपमान घेऊन येतो आणि तीन कलमं घेऊन जातो. खरं सांगायचं तर त्याला निम्मं बरं तिथंच वाटतं.

१ जुलै २०२४ ला सरकारनं तात्यांवर मोठा अन्याय केला. १८६० ची दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली; ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाचं ३०२ गेलं १०३ वर. फसवणुकीचं ४२० तर ३१८ च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसलं. "आता लबाडाला काय म्हणायचं? तीनशे अठराचा चार?" तात्या काही दिवस दिसलेच नाहीत. मग आले ते नव्या-जुन्या कलमांचा तक्ता खिशात घालून. शिवाय त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो. म्हणजे आपल्या कोर्टांचा वेग पाहता जुनी विद्या तात्यांच्या हयातीपुरती तरी चालणारच. सरकारी कामात अडथळा आणण्याच्या ३५३ ची शिक्षा महाराष्ट्रानं खास दुरुस्ती करून पाच वर्षांपर्यंत नेली होती, आणि कचेऱ्यांतून तसे फलकही लागले होते. नव्या १३२ मध्ये ती पुन्हा दोनवर आली. तात्या मुद्दाम कचेरीत जाऊन सांगून आले, "भाऊसाहेब, तुमची तीन वर्षं गेली."

पण तात्यांचा खरा प्रांत म्हणजे बेरीज. मागे एका शेतकऱ्याचे ऐंशी हजार रुपये, हातउसने दिलेले, त्याच्या पाहुण्यानं थकवले. तात्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडणी केली. फसवणूक, सात. विश्वासघात, पाच. धमकी, दोन. खाली रेघ. चौदा! "म्हणजे जन्मठेपच की रे!" आता, कायद्यातले हे आकडे कमाल शिक्षेचे असतात, न्यायाधीश त्याच्या कितीतरी खाली थांबू शकतात. एकाच खटल्यातल्या शिक्षा बहुतेकदा एकत्रच भोगायच्या असतात. आणि जन्मठेप चौदा वर्षांची नसतेच. सरकारनं सूट दिली नाही तर ती मरेपर्यंतची. पण पत्रिकेवर रेघ ओढून झालेल्या माणसाला हे कोण सांगणार?

शेतकरी पत्रिका घेऊन पायऱ्या चढला आणि चहा निवायच्या आत उतरला. ठाणे अंमलदारांनी तक्रार ऐकून घेतली होती आणि 'व्यवहार दिवाणी स्वरूपाचा आहे, कोर्टात जा' म्हणून वाटेला लावलं होतं. तात्यांचा चेहराच पडला. "दिवाणीत काय ठेवलंय? ना अटक, ना जामीन. वर्षानुवर्षं तारखा, शेवटी हातात हुकूमनामा. तो घेऊन वसुलीसाठी पुन्हा दरखास्त लावायची." दिवाणी कायदा तात्यांच्या लेखी कायदाच नाही, असं बाकड्यावरच्या सगळ्यांचंच मत.

त्याच आठवड्यात तो पाहुणा तात्यांकडे आला. तात्यांनी बाजूला सरकून त्याला जागा दिली.

"पैसे घेऊन किती झालं?"

"अडीच वर्षं, तात्या."

"दावा लावायची मुदत तीन वर्षांची. सहा महिने दम धर. तोंडानं काय गोड बोलायचं ते बोल, पण 'देणं आहे' असं लिहून सही करू नकोस. मुदत तिथून नव्यानं सुरू होते. आणि हे बघ, चहाचे मात्र रोख देऊन जा."