चौथा गडी

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात गेममधला 'स्क्वाड' म्हणजे चार पोरं, चार मोबाइल आणि फार तर दोन चार्जर. या चौघांत जो सगळ्यांच्या मागून पळतो, ज्याच्या बॅगेत गोळ्यांपेक्षा फर्स्ट एड किट जास्त सापडतात आणि ज्याच्या नावाने सगळ्यात जास्त ओरड होते, त्याला सपोर्ट म्हणतात. प्रस्तुत विवेचन त्याच्याविषयी आहे. बाकीचे तिघे ओघाने येतीलच. त्यांना बोलवावं लागत नाही.

संघात कामं वाटून घ्यायची रीत जुनी आहे. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही तरुणांनी 'क्वेक' या गेमवर 'टीम फोर्ट्रेस' बसवला आणि प्रत्येक गड्याला वेगळं काम दिलं. 2007 च्या 'टीम फोर्ट्रेस 2' मध्ये अशी नऊ पात्रं होती. हेवीचा जीव 300, पण चाल रखडती. स्काउट चपळ, पण जीव अवघा 125. ज्याला एक गोष्ट जास्त द्यायची त्याची दुसरी कापायची, हे समतोलाचं मूळ सूत्र. मेडिकच्या हाती बरं करणारी बंदूक आली आणि त्याच दिवशी तिच्यामागे उभं राहायला माणूस मिळेनासा झाला. 2016 मध्ये आलेल्या 'ओव्हरवॉच'मध्ये तर ज्याला-त्याला हल्लाच करायचा असे. शेवटी 2019 मध्ये कंपनीने दोघं ढाल धरणारे, दोघं मारणारे आणि दोघं बरे करणारे अशी वाटणी सक्तीची केली. ज्या जागेला माणूस मिळत नाही ती पत्करणाऱ्याला वर बक्षीसही ठेवलं. म्हणजे सपोर्टचा तुटवडा हा एकट्या भंडारा जिल्ह्याचा प्रश्न नव्हे.

पबजी मोबाइलच्या भारतीय अवतारात, म्हणजे बीजीएमआयमध्ये अशी पात्रं नाहीत. विमानातून उडी मारणाऱ्या शंभर जणांचा जीव सारखा आणि हात सारखेच रिकामे. कागदावर याहून मोठी समता सापडणं कठीण. लाखनीत ही समता विमान सुटण्याआधीच मोडते, कारण भूमिका गेम देत नाही, मोबाइल देतो. ज्याच्या मोबाइलमध्ये जायरो, म्हणजे मोबाइल हलवून नेम धरायची सोय आहे आणि ग्राफिक्स 'स्मूथ-एक्स्ट्रीम'वर चालतात, तो रशर, म्हणजे सगळ्यात आधी घुसणारा. ज्याच्या घरी वायफाय आहे तो स्नायपर. त्याला थांबून नेम धरणं परवडतं. ज्याचा आवाज मोठा आणि वय दोन वर्षांनी जास्त, तो आयजीएल, म्हणजे हुकूम सोडणारा. आणि ज्याच्याकडे थोरल्या भावाने वापरून सोडलेला, कोपऱ्यात काच तडकलेला, धुराचा गोळा फुटला की अडखळणारा मोबाइल आहे, तो सपोर्ट. याला निवड म्हणायची पद्धत आहे.

फ्री फायर या दुसऱ्या गेममध्ये पात्रांना अंगभूत शक्ती असते, पण तिथेही गत तीच. डीजे अलोक हे ब्राझीलच्या खऱ्या डीजेवरून बेतलेलं पात्र आजूबाजूच्या सोबत्यांचा जीव भरून काढतं. काम सरळसरळ सपोर्टचं. प्रत्यक्षात 599 डायमंड मोजून अलोक घेतला तो रशरांनी, आणि तो घेऊन ते सोबत्यांपासून जास्तीत जास्त लांब पळाले. रोनाल्डोवर बेतलेला क्रोनो 2020 च्या डिसेंबरात आला तेव्हा इतका भारी होता की पुढच्या वर्षी कंपनीला त्याची धार बोथट करावी लागली. त्या दिवशी ठेल्यांवर जो शोक झाला त्यात सपोर्ट सामील नव्हता. त्याच्याकडे क्रोनो नव्हताच.

बीजीएमआयमध्ये सपोर्टचा दिवस लुटीपासून सुरू होतो. घरात पहिला तो शिरतो, पण एम416 दिसली की "घेऊ नको गा, माही आहे" असा आवाज येतो. तो ती जागेवर सोडतो आणि शॉटगन उचलतो. आठ एक्सचा स्कोप सापडला तर तो स्नायपरला, तिसऱ्या लेव्हलचं हेल्मेट रशरला. आयजीएलला काय द्यायचं हे आयजीएल स्वतः सांगतो. सपोर्टकडे उरतात बँडेज, एनर्जी ड्रिंक आणि स्मोक.

मग खेळाचं मैदान आवळणारा झोन जवळ येत असताना रशर एकटाच नकाशावरच्या पोचिंकी गावात घुसतो. समोर पूर्ण स्क्वाड. "नॉक झालो, नॉक झालो! उचल मले!"

"थांब न गा, झोन येऊन रायला."

"काऊन थांबू? स्मोक मार न बे!"

सपोर्ट स्मोक मारतो. मोबाइल अडखळतो. नॉक होऊन, म्हणजे अर्धमेला पडून, धुरात रांगणाऱ्या गड्याजवळ तो पोचतो, बटण दाबतो, आणि ते गोल पूर्ण व्हायला जी काही सेकंदं लागतात त्यांत त्याची पाठ उघडी असते. रशर उठतो, सपोर्टचं शेवटचं फर्स्ट एड किट मागतो, जीव 75 टक्क्यांवर आणतो आणि बरोबर त्याच खिडकीसमोर पुन्हा जाऊन उभा राहतो. या वागण्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण अजून उपलब्ध नाही.

सामना जिंकला तर निकालात एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम गडी म्हणून एकाचंच नाव चमकतं आणि ते रशरचं असतं. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टरचं नाव फलकावर शोधावं, तसं सपोर्टचं नाव इथे शोधावं लागतं. सामना हरला तर मात्र त्याचं नाव लगेच सापडतं: "हील काऊन नाही देल्लं?"

तरीही तो रोज येतो. त्याचं कारण त्याग असावा असा समज आहे, तो चुकीचा. त्याच्या नेमाची परीक्षा कधी होतच नाही, म्हणून तो कधी नापासही होत नाही. शिवाय एनर्जी ड्रिंक कोणाला द्यायचं आणि कोणासाठी 'संपलं' म्हणायचं, हे त्याच्या हातात असतं. रशर बोलून जातो. सपोर्ट लक्षात ठेवतो.

या संघांचा समतोल कंपनीपेक्षा सरकार आणि पाऊस यांनी जास्त हलवला. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइल बंद झाला. 2 जुलै 2021 ला तो बीजीएमआय होऊन परतला, तोही नेमका रोवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या तोंडावर. 2022 च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर बंदी आली, फ्री फायर मॅक्स मागे राहिला. त्याच वर्षी जुलैत बीजीएमआय पुन्हा गेला आणि 2023 च्या मे महिन्यात परत आला. दर वेळी रशरांनी दुःखाचे स्टेटस ठेवले. सपोर्टने तेवढ्या वेळात मोबाइल चार्ज केला.

रोवणीत पालांदूर, पोहरा, केसलवाडा इथली पोरं चिखलात, भाताच्या बांधीत उतरतात आणि स्क्वाडला गडी कमी पडतो. कमी पडतो तो नेहमी सपोर्टच, कारण घरीही हाक मारली की 'आलो' म्हणणारा तोच असतो. मग त्याच्या जागी अनोळखी रँडम गडी घेतात, किंवा तिघंच रशर होऊन उतरतात आणि पहिला झोन यायच्या आत लॉबीत परततात. अशा वेळी ठेल्यावर एकमताने मान्य होतं की नेटचा पिंग खराब होता.

ज्यांच्या घरी असा चौथा गडी आहे, त्यांना एक विनंती. ऑनलाइन सामना मधेच थांबवता येत नाही. तेव्हा जेवायला हाक मारण्याआधी आत कोणी नॉक पडलं आहे का, एवढं विचारावं. पडलेलं असेल, तर भाजी दोन मिनिटं झाकून ठेवावी.