काय कमावलं?

तात्यांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारात चप्पल काढतो आणि तिथेच परीक्षेला बसतो. तात्या खाली वाकून ती चप्पल उचलतात, दुमडून बघतात, नाकाशी नेतात आणि विचारतात, “कमावलंय, की नुसतं वाळवलंय?” पाहुणा गोंधळून बायकोकडे बघतो. तिलाही ठाऊक नसतं.

हडपसरला ससाणेनगरात तात्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. बँकेतून निवृत्त. दिवाणखान्यात टीव्हीच्या बरोबर वर सांबराचं मुंडकं आहे. स्वातंत्र्याआधी, परवान्यावर शिकार होई त्या काळात आजोबांनी मारलेलं. एका शिंगावर काकूंची जपमाळ, दुसऱ्यावर छत्री. या मुंडक्यापायी तात्यांना कातडं कमावण्याचं वेड लागलं. पुढे 1972चा वन्यजीव कायदा आला, मागाहून त्यात दुरुस्त्या झाल्या आणि शिकार संपली. म्हणजे हरणाचं डोकं भिंतीवर चढवायच्या सगळ्या रीती तात्यांना तोंडपाठ, आणि एकही करून बघायची सोय नाही. असा माणूस बोलणार नाही तर काय करणार?

“कातडं सोललं की आधी मीठ. उशीर झाला की केस सुटलेच. मग आंबट पाण्यात मुरवायचं. पापण्या, ओठ, नाकपुड्या इथे कागदासारखं तासायचं. आणि कान...” इथे ते माझा कान धरतात. “हा मोज्यासारखा उलटा करायचा आणि आतली कूर्चा काढून घ्यायची.” काकू पोह्यांची बशी घेऊन येतात तेव्हा माझा कान तात्यांच्या हातात असतो. काकूंना त्याचं काही वाटत नाही.

मग तुलना सुरू होते. तुरटी आणि मीठ: कातडं पांढरंशुभ्र, मऊ, हवं तसं ताणतं, पण पाणी लागलं की तुरटी धुऊन जाते आणि पहिले पाढे पंचावन्न. बाभळीची साल आणि हिरडा: आठवडेच्या आठवडे लागतात, रंग तपकिरी, पण टिकाऊ. “कोल्हापुरीला याला तोड नाही. सांबराच्या पापणीला मात्र फार जाड राहतं.” क्रोम: एखाद्या दिवसात काम फत्ते, कातडं निळसर. तात्यांच्या मते क्रोम म्हणजे दोन मिनिटांतल्या नूडल्स. “होतात हो. पण त्याला स्वयंपाक म्हणाल का?”

एकदा त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. बोकडाचं कातडं आणलं, त्याचे तीन तुकडे केले आणि गच्चीवर तीन बादल्या मांडल्या. एकीत तुरटी-मीठ, दुसरीत बाभळीची साल, तिसरीत अख्ख्या बिल्डिंगमधून आठवडाभर जमवलेला चहाचा चोथा. “चहात टॅनिन असतंच की!” चौथ्या दिवशी सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून वर आले. तात्यांनी त्यांना बादलीजवळ बसवून अर्धा तास पद्धती समजावल्या. सेक्रेटरींनी नोटीस काढली, ती नंतर.

निकाल असा लागला. तुरटीचा तुकडा अवकाळी पावसात भिजला आणि वाळून पापड झाला. चहाच्या तुकड्याचे केस मूठमूठ निघाले. तात्यांनी त्याचा दोष चहाला दिला नाही. “मीठ लावायला उशीर झाला. गाडीतळाच्या सिग्नलला चाळीस मिनिटं अडकलो. केस तिथेच सुटले.” बाभळीचा तुकडा तेवढा पास झाला.

आषाढवारीत दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात आणि इथून माउली सासवडकडे, तुकोबा लोणी काळभोरकडे वळतात. लोक पादुकांना हात लावायला धडपडतात. तात्या पखवाजवाल्याच्या मागे. “पुडी कुठे बसवली? हे कच्चं बरं का, कमावलेलं नाही. कमावलं तर बोलणारच नाही.” बिचारा वारकरी ताल न सोडता मान डोलावतो.

गेल्या दिवाळीत भिंत रंगवायला मुंडकं खाली काढलं. मानेमागची शिवण उसवली होती. तात्यांनी हातमोजे घालून, भिंग लावून आत पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “नुसतं वाळवलंय. आतून सोमल चोळलाय, किडीसाठी.” पूर्वी असा विषारी लेप सर्रास देत. पण जन्मभर ज्याच्याखाली बसून लोकांच्या चपला नापास केल्या, ते स्वतःच नापास निघालं. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, “एवढं काय? आमच्या लग्नातही तुम्हाला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.”

मुंडकं पुन्हा भिंतीवर गेलं. 2003 साली सरकारने घरातल्या अशा जुन्या वस्तू जाहीर करायला 180 दिवस दिले होते, तेव्हा तात्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज केला होता. आता ते विकता येत नाही, भेट देता येत नाही. फक्त वारसाकडे जाऊ शकतं. वारस मगरपट्ट्यात कॉम्प्युटरवर बसतो आणि म्हणतो, “बाबा, वनखात्याला देऊन टाका.” सून म्हणते, वास्तूला चालत नाही. तात्या माझ्याकडे बघतात. “तुम्हाला कायद्याने देता येत नाही हो.” मी शक्य तितका हळहळलेला चेहरा करतो.

बाभळीचा तुकडा मात्र त्यांनी मला दिला. “बोकडाचा आहे, घ्या. कायद्याची आडकाठी नाही.” मी तो लिहायच्या खुर्चीवर टाकलाय. तीन पावसाळे झाले, अजून मऊ आहे, आणि एक केस गळलेला नाही.