पुढील स्टेशन, शीव

चिरंजीव यंदा पहिलीत गेले आणि पाट्या वाचू लागले. आम्ही पेढे वाटले. आता वाटतं, जरा थांबायला हवं होतं.

पहिला फटका मध्य रेल्वेवर बसला. रविवारी परळहून कुर्ल्याला मावशीकडे निघालो होतो. स्लो गाडी, खिडकी मिळालेली. चिरंजीव प्रत्येक स्टेशनची पाटी खड्या आवाजात वाचत होते आणि समोरचे आजोबा कौतुकाने मान डोलवत होते. दादर झालं, माटुंगा झालं. मग गाडी मंदावली, खिडकीत पाटी आली आणि चिरंजीवांनी तिचं पहिलं अक्षर वाचलं. दुसऱ्याची त्यांना गरजच वाटली नाही.

"बाबा! शी स्टेशन!"

आजोबांना राहवलं नाही. "बाळा, शी नव्हे, शीव. शीव म्हणजे हद्द. पूर्वी मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची." चिरंजीवांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. थोडा विचार केला. "म्हणजे शी इथपर्यंतच? कुर्ल्याला नाही करायची?"

आजोबा कुर्ला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. खांदे मात्र हलत होते.

परतताना पुलावर पाटी होती, 'पादचारी पूल'. चिरंजीवांनी शब्दाचे दोन तुकडे केले, बोटं मोजली आणि विचारलं, "चौघंही एकदम?"

तेव्हापासून मला मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची चोरी झाली आहे. शूर, शीतपेय, शीर्षासन, एकही शब्द सुरक्षित नाही. संक्रांतीला शेजारच्या काकूंपुढे उभं राहून त्यांनी 'तिळगू' म्हणून जो श्वास घेतला, तो पुढचा 'ळ' येईपर्यंत काकूंचा पुढे केलेला हात हवेतच. फक्त देव्हाऱ्यातल्या पादुकांपाशी आईने एकदा डोळे वटारले, तेवढा एक शब्द वाचला.

यावर पालकांनी काय करावं? आमची सौ. म्हणाली, "शी! असं बोलतात का?"

"आई, तूच बोललीस."

मी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. "शू!"

"आणि बाबांनी शू केली!"

बाकीच्या भाषांचं मला ठाऊक नाही, पण मराठीने आईबापांचा इथे अगदीच घात केला आहे. जिची किळस करायची ती वस्तू आणि किळस आल्यावर तोंडातून निघणारा उद्गार, दोन्ही 'शी'च. गप्प बसवायचं ते 'शू' म्हणून आणि गप्प बसवायचं ते 'शू'वरूनच. म्हणजे रागवायला म्हणून तोंड उघडावं, तर पोराला हवा तोच शब्द बाहेर. चोराच्या मागे धावणाऱ्या पोलिसाने शिट्टीऐवजी चोराचंच गाणं वाजवावं, तसं.

आणि खरं सांगायचं तर ही गोडी लावली कुणी? सहा महिन्यांचं पोर मोरीवर धरून "शूऽऽ" करत कोण बसलं होतं? ते झाल्यावर टाळ्या कुणी पिटल्या? तीन दिवस पोट साफ नव्हतं आणि चौथ्या दिवशी झालं, तेव्हा ऑफिसात माझा फोन वाजला होता. "झाली हो!" मी मीटिंगमधून उठून लालबागला आईला फोन केला, तिने मालवणला. त्या वयात पोराने हसून दाखवलं तरी इतकं कौतुक होत नव्हतं. त्याची पक्की समजूत झाली असणार की घराला आनंदी करायचं तर विषय हाच. मग तिसऱ्या वर्षी आम्ही नोटीस न देता धोरण बदललं.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. मजल्यावर अठरा बिऱ्हाडं, गॅलरीच्या टोकाला चार संडास, त्यांतल्या एकाची कडी जन्मापासून मोडलेली. त्या एकात जाणाऱ्याने अधूनमधून खोकायचं, असा रिवाज होता. खोकला थांबला की बाहेरचा हाक मारायचा. सकाळी हातात टमरेल घेऊन रांग. कुणाचं पितळी, कुणाचा डालड्याचा डबा, आणि डब्यावरून माणूस ओळखता यायचा. गिरणीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला पुढे सोडायचं, परीक्षा असलेल्या पोराला त्याच्या मागोमाग. रांगेत मॅचचा स्कोअर, संपाच्या बातम्या, कुणाच्या मुलीचं जमलं, सगळं निघायचं. कुणी दुसऱ्यांदा आला की तिघंजण तिथेच औषध सुचवायचे. ज्या मजल्यावर छत्तीस माणसांना तुमचं पोट कालपासून बिघडलंय हे ठाऊक असतं, तिथे लपवायचं काय?

तरी आम्ही पोरं हसायचोच, हेही कबूल करायला हवं. वास आला की गोल करून बसायचं आणि 'आदा पादा' मोजायचं. शेवटचा शब्द ज्याच्यावर येईल तो गुन्हेगार, मग तो कितीही शपथा खावो. त्या गाण्यात सगळा आळ दामाजीच्या घोड्यावर घेतलेला असतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना खुलं केलं, ही थोर गोष्ट मला पुढे शाळेत कळली. घोडा आधीच माहीत होता.

आता चाळ गेली, टॉवर आला. माझा मामेभाऊ अजून बीडीडी चाळीत राहतो. या चाळी १९२०च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हापासून तो स्वतःच्या नंबराची वाट बघतोय. हॉल कसा आहे, खिडकीतून काय दिसतं, हे त्याने अजून विचारलेलं नाही. म्हणतो, "एकदा कडी लावून तासभर पेपर वाचायचाय." आमच्या घरात कडीही आहे आणि टाइल्सही. पण संडास घरात आला आणि त्याबद्दलचे सगळे शब्द घराबाहेर काढावे लागले.

आईला हे मान्य नाही. ती टॉवरमध्ये आली तरी तिची जीभ चाळीतच राहिली आहे. परवा टीव्हीवर कुणी साहेब रस्त्यातल्या खड्ड्यांचा दोष पावसाला देत होते. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पादऱ्याला पावट्याचं निमित्त." चिरंजीव सोफ्यावरून खाली पडले. मग उठून म्हणीचा अर्थ विचारायला आले. मी आठ वर्षं शिकवण्या घेतल्या आहेत, पण इतका एकाग्र विद्यार्थी मला कधी लाभला नव्हता. सौ. सासूबाईंकडे रोखून बघत होती. आई म्हणाली, "पोटात आसा ता भायर येतलाच!" आणि शेंगा मोडत राहिली.

गणपतीला गावी जाताना तर सरकारनेच हात टेकायला लावले. एसटी एका फाट्यावर थांबली. समोर कमानीवर ग्रामपंचायतीची पाटी, 'हागणदारीमुक्त गाव'. मी पोराच्या डोळ्यांवर टोपी ओढली, पण त्याचं पहिलं अक्षर वाचून झालेलं होतं. पुढचे चार किलोमीटर अख्खी एसटी त्या गावाचं अभिनंदन ऐकत होती.

शेवटी सौ.ने पालकत्वावरच्या एका व्हिडिओतून उपाय आणला. हे शब्द बोलायला बंदी नाही, पण फक्त संडासात जाऊन, दार लावून बोलायचे. चिरंजीवांनी तत्काळ मान्य केलं. संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष सहीसाठी आले, मूळचे गिरगावचे. चहा समोर आला आणि आतून, टाइल्सवर घुमून दुप्पट होत, शब्दकोश सुरू झाला. आम्ही दोघं बिस्किटांकडे बघत बसलो. अध्यक्षांनी शांतपणे चहा संपवला. म्हणाले, "आमच्या चाळीत आत कुणी असलं की नुसतं खोकायचे. तुमच्याकडे बरंच सविस्तर कळतं."

त्या रात्री सौ.ने मोबाइलवर जग धुंडाळलं. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठाने २००८ साली सर्वांत जुन्या विनोदांची यादी केली, त्यात पहिला नंबर सुमेरियातल्या सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीच्या विनोदाचा. विषय: नवविवाहिता, नवऱ्याची मांडी आणि वारा. जपानमध्ये २०१७ साली कांजी लिपी गिरवण्याची पुस्तकं निघाली, त्यांतल्या प्रत्येक वाक्यात शी आहे. लाखोंनी खपली. सौ.ने मोबाइल ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही तोच विचार करत होतो.

आमचे चिरंजीव बेरजेला बसत नसत. रामूकडे तीन आंबे, शामूने दिले चार, एवढ्यात त्यांना झोप यायची. दुसऱ्या दिवशी मी रामूने सकाळी तीनदा केली आणि संध्याकाळी चारदा, असं उदाहरण घातलं. उत्तर हवेतूनच आलं. "सात! आणि त्याला डॉक्टरकडे न्या!" आठवड्याभरात हातच्याची बेरीज झाली. मग वजाबाकी, तिचं वर्णन मी इथे करत नाही.

पंधरा दिवसांनी वहीत शेरा आला, 'पालकांनी भेटावे'. वर्गात बाईंनी मुलांना स्वतःची शाब्दिक उदाहरणं तयार करायला सांगितली होती. मी समोरच्या बुटक्या बाकावर बसलो, चिरंजीव शेजारी. बाईंनी वही उघडली, चष्मा सारखा केला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, काहीही म्हणा, एवढं एक म्हणू नका. बाईंनी पहिलं उदाहरण वाचलं आणि नाक मुरडलं.

"शी!"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पोटात हसू उकळत होतं. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी घाईने ओठांवर बोट ठेवलं.

वहीतली दहाही उत्तरं बरोबर होती.