माझ्यानंतर आलेले

तुमच्या शहरातलं सगळ्यात नकोसं काय, असं मुंबईकराला विचारलं तर तो डब्याच्या दाराकडे सरकत 'गर्दी' एवढंच म्हणतो आणि दादरला उतरून जातो. नागपूरकर मे महिन्यात तोंडाचा दुपट्टासुद्धा सोडत नाही, नुसता वर बोट दाखवतो. पुणेकर आधी प्रश्न दुरुस्त करून घेतो. शहरातलं म्हणजे कुठल्या हद्दीतलं? नदीच्या अलीकडचं की पलीकडचं? हद्द ठरली की मग खड्डे, सिग्नल, खोदकाम, डास वगैरे येतं. पण ते वरवरचं. खरं उत्तर दुसऱ्या चहाला, आवाज खाली आणून मिळतं. "अहो, ही बाहेरची माणसं आली ना, तिथून सगळं बिघडलं."

बाहेरची म्हणजे कोण? तर सांगणारा पुण्यात ज्या साली आला, त्याच्या पुढच्या सालापासून आलेली सगळी.

ही परंपरा जुनी असणार. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. बाजीराव त्याआधी सासवडला राहायचे आणि भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं. त्या संध्याकाळी कसब्यातल्या एखाद्या ओट्यावर कुणीतरी पानाला चुना लावत नक्की म्हणालं असेल, "कोकणातले आले, आता घोडी बांधायला जागा मिळतेय का बघा."

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांची दैना झाली आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. तिकडे गेलेली माणसं अस्सल पेठांमधली. तरी "काय बुवा, लांब गेलात" हे त्यांनाही ऐकावं लागलंच. पुढे पिंपरी-चिंचवडचे कारखाने आले, मग हिंजवडी आली. प्रत्येक लाटेनं मागच्या लाटेला बोल लावण्याऐवजी पुढच्या लाटेला लावला. कमाल झाली २०२१ मध्ये. तेवीस गावं महापालिकेत घेतली. ती माणसं जागची हललीसुद्धा नव्हती, पुणंच चालत त्यांच्या दारात गेलं, तरी बाहेरून आलेले कोण? तेच.

मी स्वतः कराडहून कॉलेजसाठी आलो, तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. घरमालकीण आजी रोज सकाळी जिन्यात उभं राहून सुनवायच्या, "तुम्ही कॉटवाली मुलं आलात आणि आमच्या बोळात सायकली मावेनात." आजी माहेरच्या वाईच्या. पण डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलेलं असताना हा मुद्दा काढण्याची माझी प्राज्ञा नव्हती. आता मी कोथरूडला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तेच वाक्य म्हणतो. फक्त सायकलींच्या जागी मोटारी घालतो.

आमच्या फाटकावर पाटी आहे : 'पाहुण्यांनी आपली वाहने बाहेर लावावीत.' पाहुण्याची व्याख्या सेक्रेटरींनी केलेली आहे. समोरच्या विंगमधला लातूरचा इंजिनिअर अकरा महिन्यांचे करार एकामागून एक संपवत राहिला, त्याची मुलगी इथल्याच बालवाडीतून पहिलीत गेली, तरी तो पाहुणाच. बाहेरच्या रस्त्यावर पी-१, पी-२. विषम तारखेला या बाजूला गाडी, सम तारखेला त्या बाजूला. त्यामुळे रोज सकाळी हा गृहस्थ बर्म्युडा आणि बनियनवर खाली यायचा, तोंडात ब्रश तसाच, आणि गाडी रस्ता ओलांडून पलीकडे न्यायचा. सेक्रेटरी गॅलरीतून चहा पीत ती नीट लागली का ते बघायचे.

२०१८ मध्ये पुण्यातल्या वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेल्याची बातमी आली. सेक्रेटरींनी कात्रण नोटीस बोर्डावर लावलं आणि खाली पेनानं लिहिलं, 'बाहेरच्यांमुळे'. त्यांच्या स्वतःच्या दोन मोटारी आणि तीन दुचाकी आहेत. पण त्या आधीपासूनच्या.

मध्यंतरी लातूरकरानं आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. पार्किंगसकट. वास्तुशांतीचे पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यात सोसायटीची सभा भरली. विषयपत्रिका संपली, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय सुरू झाले, तसा हा हात वर करून उठला. "काका, त्या भाडेकरूंच्या गाड्यांचं काहीतरी करायला हवं. हल्ली फार लोक यायला लागलेत."

ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदक मी होतो. सेक्रेटरींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या क्षणी लातूरकर पुणेकर झाला. आधार कार्डावर पत्ता बदलून यायला त्याला अजून अवकाश होता.

तेव्हा पुण्यात येण्याचा तुमचा विचार असेल तर अवश्य या. हवा अजून बरी आहे, चहा मिळेल, आणि तुमच्यामुळे शहर कसं बिघडलं ते तपशीलवार ऐकायला मिळेल. गाडी आणू नका. आणायचीच असेल तर महिन्याच्या ३१ तारखेला आणा. ३१ विषम आणि पाठोपाठची १ तारीखही विषम, म्हणजे दोन दिवस ती हलवावी लागत नाही. २ तारखेला सकाळी निघालात तर फारच उत्तम.