आबांचा डावा खांदा

बंदूक झिजते ती झाडलेल्या गोळ्यांनी नव्हे, धरणाऱ्याच्या सवयींनी. सिंदेवाहीकडच्या आमच्या घरातली आबांची दुनळी भाताच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली. पुढे १९७२चा वन्यजीव कायदा आला, रानडुकरालाही सरकारी कवच मिळालं, आणि दुनळीच्या वाट्याला हवेत आवाज काढण्यापुरतं काम उरलं. तेव्हापासून ती घराबाहेर पडते ती निवडणुकीला. लोकसभा असो, विधानसभा असो, आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा. आमच्या घरातली सर्वांत नियमित मतदार तीच. फक्त मत देत नाही, पोचपावती घेऊन येते. दर फेरीत दस्त्यावर एखादा पोचा वाढतो, त्याची मात्र पावती मिळत नाही.

आबांच्या मागं परवाना माझ्या नावावर झाला आणि यंदा दस्ता नीट करायला घेतला. सुताराला म्हटलं, जागोजागी चिरलाय, नवाच सागवानाचा करू या का? आमचं सागवान काय साधं आहे! बल्लारपूरहून २०२३ साली ते अयोध्येच्या राममंदिराला वाजतगाजत गेलं. सुतारानं दस्त्यावर अंगठा फिरवला. "भाऊ, सागवान दाराला, पलंगाला. बंदुकीचा दणका सोसाले अक्रोडच पाहिजे." चांद्याच्या जंगलाच्या मध्यावर बसून परमुलखातल्या लाकडाचं कौतुक ऐकताना मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

पोच्यांवर त्यानं ओलं फडकं ठेवलं आणि वरून तापली इस्त्री टेकवली. चर्र करून वाफ निघाली, दबलेले तंतू पाणी पिऊन फुगले आणि ठाण्यातल्या कित्येक निवडणुका बघताबघता वर आल्या. मग जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आम्ही भाकरीवर घेतो, त्याचंच तेल तळहातानं लाकडात जिरवायचं, अगदी पातळ. ते सुकतं असं आपण म्हणतो. खरं तर हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यात इतकं तापतं की तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. म्हणून चिंध्या दोरीवर पसरलेल्या. जुना रिवाज असा: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा आणि पुढे जन्मभर दरसाल एकदा. उद्यापन नसलेल्या व्रतासारखं हे प्रकरण!

तेल चढताना एक गोष्ट दिसली. गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा दस्त्याच्या उजव्या अंगाला होती. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा गाल डाव्या अंगाला टेकतो. म्हणजे आबा डावखुरे! ज्यांनी माझ्या डाव्या हातातला घास काढून उजव्यात दिला, जे सही, हिशेब, आरती, सारं उजव्यानं करत, ते आबा. लहानपणी त्यांचाही डावा हात कुणी छडी मारून गप्प केला असणार. पण माळ्यावर, रात्री, धानाच्या वासात बघायला कोण होतं? तिथं ते मनासारखे डावे होत असतील, आणि डुकरं पळाली की पुन्हा उजवे होऊन न्याहारीला घरी येत असतील.

"हे अंगही घासून एकसारखं करू ना?" सुतारानं पॉलिश पेपर उचलत विचारलं. नको म्हटलं. आता दुनळी एका बाजूनं नवी आणि एका बाजूनं आबांची आहे. पुढच्या निवडणुकीला ठाण्यातले हवालदार पावतीवर 'दस्ता अर्धवट पॉलिश केलेला' असं लिहितील, आणि मी मुकाट सही करीन.